लिंपलेलं बळद : बालाघाटातल्या एका घरातला मधुमेह

वय 39, उंची 163 सेंटिमीटर, वजन 52 किलो, कंबर 86 सेंटिमीटर. उपाशीपोटी साखर 212, जेवणानंतर दोन तासांनी 318, एचबीए1सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी, 9.8. फेब्रुवारी 2013 मध्ये हे गृहस्थ पहिल्यांदा माझ्या दवाखान्यात आले तेव्हा साखरेचं नावही त्यांच्या तोंडात नव्हतं. तळपायाची आग होते, रात्री पाय पांघरुणाबाहेर ठेवूनच झोप लागते, एवढीच तक्रार. दोन वर्षं त्यांनी ती अंगावर काढली होती. केज-अंबाजोगाई रस्त्यावर ते काळी-पिवळी जीप चालवायचे. एके दिवशी डाव्या पायातली चप्पल गळून पडली आणि त्यांना कळलंच नाही. पाय अनवाणी आहे हे शेजारी बसलेल्या पॅसेंजरनं सांगितलं. त्या दिवशी ते घाबरले.

सोबत थोरले भाऊ होते. रिपोर्ट बघून धाकटे म्हणाले, "शुगर जाड माणसाला होती म्हंतेत साहेब. माझ्या अंगावर काय हाय?" थोरल्यांनी स्वतःच्या पोटावर हात ठेवला. "घरात मोठा मी, जाड मी, भात-गोड खाणारा मी. अन् शुगर ह्याला कशी?" थोरल्यांचं वजन 78 किलो, वय 44. त्याच दिवशी त्यांचीही साखर तपासली. उपाशीपोटी 94.

थोरल्यांच्या त्या प्रश्नामागे मी पुढची बारा वर्षं चालत राहिलो. तेच हे प्रकरण. घरच्यांच्या संमतीनं लिहितो आहे. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत.

आधी सरळ कारणं

बारीक माणसाला एवढी साखर दिसली की स्वादुपिंडच बंद पडलं आहे का, हे आधी बघावं लागतं. सी-पेप्टाइड 2.1 आलं, म्हणजे शरीर इन्सुलिन तयार करत होतं. जीएडी अँटिबॉडी, म्हणजे शरीर स्वतःच्याच स्वादुपिंडावर उलटल्याची खूण, निगेटिव्ह. इन्सुलिन फारच कमी पडलं की लघवीत कीटोन दिसतात, तेही नाहीत. पहिल्या प्रकारचा मधुमेह बाद झाला. कुपोषणातून येणाऱ्या मधुमेहाला आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघानं एप्रिल 2025 मध्ये 'टाइप 5' म्हणून मान्यता दिली. पण त्यात मूळ अडचण इन्सुलिन कमी पडण्याची असते. इथे इन्सुलिन होतं, त्याचं कुणी ऐकत नव्हतं. शिवाय कंबर बघा. पुरुषांसाठी धरलेल्या 90 च्या मर्यादेत असली तरी उंचीच्या निम्म्याहून जास्त. हातपाय काटकीसारखे आणि पोट मात्र मऊ, पुढे आलेलं. आपल्याकडचा हा ठरलेला बांधा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधले डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा एकत्र फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, 22.3. चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. वजनकाटा आपल्या माणसांबाबत अर्धंच खरं सांगतो.

घराण्यात कुणाला? "कुणालाच न्हाई," असं दोघंही म्हणाले. पण मागच्या पिढीत साखर तपासली होतीच कुणाची? तेव्हा या उत्तराला फार अर्थ नाही. जनुकांचा वाटा असतोच. टीसीएफ7एल2 या जनुकाचा एक प्रकार दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचा धोका वाढवतो, हे 2006 मध्ये कळलं आणि भारतीयांतही ते आढळलं. सख्ख्या भावांत सरासरी निम्मीच जनुकं सारखी येतात. म्हणजे धाकट्याच्या वाट्याला ती आली आणि थोरल्याच्या आली नाहीत, एवढ्यावरही हे कोडं सुटू शकलं असतं. त्यात थोरले शेतात राबणारे, तर धाकटे पंधरा वर्षं स्टेअरिंगमागे, प्रत्येक थांब्यावर गोड चहा आणि बिस्किटाचा पुडा.

मी इथेच थांबणार होतो. थांबलो नाही, त्याला कारण एक फॉर्म.

एक जून

सरकारी योजनेच्या फॉर्मवर जन्मतारीख हवी होती. आधार कार्डावर 1 जून 1971. आमच्या भागात पन्नाशीच्या पुढच्या निम्म्या माणसांचा वाढदिवस एक जूनला असतो. शाळेत नाव घालताना गुरुजी तीच तारीख टाकायचे आणि वर्षही अंदाजानं. पुढच्या खेपेला आई बरोबर आली होती. साठीच्या पुढची, कपाळावर गोंदण, गळ्यात तुळशीची माळ. मुलानं '71' म्हणताच ती खुर्चीतून पुढे सरकली. "एकाहत्तर न्हाई. ह्यो बहात्तरचा हाय. मिलोवर वाढलेला."

ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. 1972 चा खरीप बुडाला, त्यामागून रब्बीही गेली. त्याआधीची वर्षंही आपल्याकडे धड नव्हती. लोक अजूनही म्हणतात, बहात्तरला पाणी होतं पण धान्य नव्हतं, आता धान्य आहे पण पाणी नाही. सरकारनं दुष्काळी कामं काढली. मे 1973 मध्ये राज्यभर सुमारे 50 लाख माणसं त्या कामांवर होती. रेशनला अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी मिळायची, ती मिलो. कामावर सुकडी वाटली जायची. त्या कामांनी माणसं मरू दिली नाहीत, हे आधी सांगायला हवं. मात्र मेली नाहीत म्हणजे पोटभर जेवली असंही नाही.

पुढचा अर्धा तास मी फक्त विचारत गेलो आणि आजी सांगत गेल्या. दिवस कधी गेले? "दिवाळी झाली, त्या दिवाळीला घरात तेल नव्हतं. त्याच्या म्होरं." काम कुठलं? पाझर तलावाचं, आधी घमेली वाहिली, पोट दिसायला लागल्यावर खडी फोडायला बसल्या. बसून काम म्हणून तेवढी मुकादमानं दया केली. खायला? मिलोची भाकरी, सकाळी एक, रात्री अर्धी. तरवट्याचा पाला. सुकडी मिळायची, पण ती थोरल्याला, "ते चार वर्षांचं लेकरू रडायचं." दूध? गाय चाऱ्याअभावी फाल्गुनात विकली. बाळंतपण? नागपंचमीला पाऊस पडत होता, झोक्याची गाणी चालली होती, तेव्हा कळा आल्या.

कागदावर मांडलं तेव्हा गर्भधारणा साधारण नोव्हेंबर 1972 ची आणि जन्म ऑगस्ट 1973 च्या सुरुवातीचा निघाला. दुष्काळाचे सगळ्यांत वाईट नऊ महिने आणि हे गर्भारपण एकमेकांवर तंतोतंत बसत होते. थोरले त्याच्या चार वर्षं आधीचे. पोटातून येताना थोरल्यांनी दूध-तूप पाहिलं होतं, धाकट्यांनी मिलो.

बाळाचं वजन कुणी केलं असणार? सुईण म्हणाली होती, "माझ्या दोन वंजळीत मावतंय."

बळद

हे घरच्यांना कसं सांगावं, याचा मी बराच विचार केला. शेवटी त्यांच्याच घरानं वाट दिली. इन्सुलिनचं इंजेक्शन कसं घ्यायचं हे दाखवायला गेलो होतो तेव्हा माजघरात भिंतीत बांधलेलं जुनं बळद दिसलं. वरून ज्वारी ओतायची, खाली एक तोंड, ते शेणामातीनं लिंपलेलं. लागेल तेव्हा लिंपण फोडायचं, पायली-दोन पायली काढायची, परत लिंपायचं.

मी म्हणालो, शरीरात प्रत्येक पेशीत अशी सुमारे वीस हजार बळदं आहेत. ती आपली जनुकं. धान्य आईबापांकडून आलेलं, ते बदलत नाही. डोळ्याच्या पेशीत आणि यकृताच्या पेशीत धान्य अगदी तेच आहे. फरक एवढाच, की कुणाचं कोणतं तोंड उघडं आणि कोणतं लिंपलेलं. लिंपायची माती म्हणजे मिथाइल गट, एक कार्बन आणि तीन हायड्रोजन इतकी बारीक चिमूट. ती डीएनएच्या ठरावीक अक्षरावर, सायटोसिनवर, बसली की बहुधा ते जनुक गप्प होतं. याशिवाय डीएनएचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. एका पेशीत हा धागा जवळपास दोन मीटर लांब. रिळावर तो घट्ट असेल तर जनुक वाचलं जात नाही, सैल असेल तर वाचलं जातं. जनुकाचं अक्षर न बदलता त्याचा आवाज कमीजास्त करणाऱ्या या खुणांचा अभ्यास म्हणजे एपिजेनेटिक्स. हा शब्द 1942 मध्ये कॉनराड वॉडिंग्टन यांनी घडवला, तेव्हा डीएनएची रचनासुद्धा कळलेली नव्हती.

थोरले लगेच म्हणाले, "म्हंजे ज्वारी तीच, पण ह्याची तोंडं येगळी लिंपली." मला याहून चांगलं सांगता आलं नसतं.

आणि लिंपण घातलं जातं कधी? आयुष्यभर थोडंथोडं. पण सगळ्यांत मोठं काम पोटात होतं. गर्भधारणेनंतर पहिल्या काही दिवसांत जुन्या खुणा बहुतेक पुसल्या जातात आणि नव्यानं घातल्या जातात. मातीही आईच्या ताटातूनच येते. मिथाइल गट तयार होण्याच्या चक्रात फोलेट आणि ब12 जीवनसत्त्व लागतं. फोलेट पालेभाजीत, डाळीत असतं. ब12 मात्र फक्त प्राणिजन्य अन्नात: दूध, दही, अंडी, मांस, मासे. गाय विकलेल्या माळकरी घरात, फाल्गुन ते श्रावण, ते कुठून येणार होतं?

हॉलंड, लेनिनग्राड, पुणे

ही कल्पना मी हवेतून आणलेली नाही. दुसऱ्या महायुद्धात, 1944-45 च्या हिवाळ्यात, जर्मनांनी पश्चिम हॉलंडची रसद तोडली. डिसेंबरपासून माणशी रेशन दिवसाला 400 ते 800 कॅलरींवर आलं. मे 1945 मध्ये सुटका झाली आणि अन्न परत आलं. उपासमार कधी सुरू झाली, कधी संपली आणि कोण तेव्हा पोटात होतं, याच्या नोंदी तिथे चोख होत्या. एक जूनचा घोळ नव्हता. ही मुलं पन्नाशीला आल्यावर, 1998 मध्ये, त्यांच्या साखरेचा अभ्यास छापून आला. पोटात उपास सोसलेल्यांत साखर पचवण्याची ताकद कमी निघाली. मग 2008 मध्ये लायडनच्या बास हाइमन्स आणि सहकाऱ्यांनी त्यांच्या रक्तातल्या डीएनएवरच्या खुणा मोजल्या. गर्भधारणेच्या सुमारास उपासमार झालेल्या 60 जणांत, वाढीशी संबंधित आयजीएफ2 या जनुकावरचं मिथाइलचं लिंपण सुमारे 5 टक्क्यांनी पातळ होतं. कुणाशी तुलना केली? त्यांच्याच सख्ख्या भावंडांशी, जी उपासमारीच्या आधी किंवा नंतर जन्मली होती. साठ वर्षं उलटली होती, खूण राहिली होती. गर्भारपणाच्या शेवटी उपास झालेल्यांत मात्र असा फरक सापडला नाही.

हा अभ्यास मी पूर्वी वाचला होता. पण थोरले आणि धाकटे समोर बसलेले असताना तो पुन्हा वाचला तेव्हा अंगावर काटा आला.

लेनिनग्राडचीही गोष्ट सांगतो, कारण ती उलटी आहे आणि म्हणूनच मला जास्त मोलाची वाटते. 1941 ते 1944 जर्मन वेढ्यात अडकलेल्या त्या रशियन शहरात भूक हॉलंडपेक्षा लांब आणि भयंकर होती. तिथे पोटात असलेल्यांचा अभ्यास 1997 मध्ये प्रसिद्ध झाला. मोठेपणी त्यांच्या साखरेत फरक आढळला नाही. असं का? एक पटणारं स्पष्टीकरण असं, की हॉलंडमध्ये जन्मानंतर लवकर सुकाळ आला, लेनिनग्राडमध्ये टंचाई चालूच राहिली. पोटातल्या बाळानं बाहेरच्या जगाचा अंदाज बांधलेला असतो, की खायला कमी मिळणार, तेव्हा जपून वापरा, चरबी राखा, स्नायूंवर खर्च नको. बाहेर खरोखर कमीच मिळालं तर तो अंदाज कामी येतो. भरपूर मिळालं तर तोच अंगावर येतो. निक हेल्स आणि डेव्हिड बार्कर या इंग्रज संशोधकांनी 1992 मध्ये 'काटकसरी देहा'ची कल्पना मांडली, ती हीच.

आता धाकट्यांचं आयुष्य यावर ठेवून बघा. पंचविशीपर्यंत नांगरामागे, ज्वारीची भाकरी, ठेचा, पायी चालणं. तोवर काही झालं नाही. मग उसाचं पाणी आलं, रेशनला गहू-तांदूळ आला, जीप आली, चहा आला. दुष्काळासाठी बांधलेला देह काळी-पिवळीत बसला.

पुण्याजवळच्या सहा गावांत 1993 पासून डॉ. याज्ञिकांच्या गटानं गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला, तो आपल्या मातीतला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन 2.7 किलोच्या आसपास, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं 3.5. पण गंमत नव्हे, चिंतेची बाब ही, की आपल्या बाळांच्या अंगावर मांस कमी आणि चरबी मात्र त्या मानानं राखलेली. बारीक, तरी चरबीचं बाळ. जवळपास दोन तृतीयांश आयांना ब12 कमी होतं. आणि ज्या आयांना ब12 कमी पण फोलेट भरपूर, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला न जुमानण्याचं प्रमाण सर्वांत जास्त दिसलं. याचा अर्थ फॉलिक अॅसिडची गोळी टाळावी असा कुणीही घेऊ नये. बाळाच्या मेंदूच्या आणि कण्याच्या व्यंगांपासून ती वाचवते. अर्थ एवढाच, की एक बैल जोडून गाडी सरळ जात नाही.

जिथे मला शंका आहे

या घरात मी एकाही माणसाची एपिजेनेटिक तपासणी केलेली नाही. पुण्यात डिप्लोमा करणाऱ्या धाकट्यांच्या मुलानं, ऑनलाइन किट मागवू का, असं विचारलं होतं. मी नको म्हणालो. रक्तातल्या पेशींवरच्या खुणा म्हणजे स्वादुपिंडाच्या किंवा यकृताच्या पेशींवरच्या खुणा नव्हेत. आलेला आकडा वाचून उपचारात एक गोळीसुद्धा बदलली नसती. ते पैसे दुधाला लावा म्हटलं.

दोन भावांवरून काही सिद्धही होत नाही. धंदा वेगळा, चहा वेगळा, जनुकांची वाटणी वेगळी. बहात्तरच्या वर्षी पोटात असलेली याच गावातली आणखी तीन माणसं मला माहीत आहेत. त्यांतल्या एकाला मधुमेह आहे, दोघांना नाही. त्या दोघांनी आयुष्यभर ऊस तोडला. मला जे म्हणायचं आहे ते इतकंच, की थोरल्यांच्या प्रश्नाला 'नशीब' आणि 'जिभेचे चोचले' या दोन उत्तरांच्या पलीकडे एक तिसरं उत्तर आहे, आणि ते डॉक्टरनं विचारून घेतलं पाहिजे. आमच्या केस पेपरवर आईवडिलांच्या मधुमेहाचा रकाना असतो. 'जन्माच्या वर्षी घरात काय होतं' हा रकाना नसतो.

उपचार

सुरुवातीला तीन महिने इन्सुलिन, मग मेटफॉर्मिन आणि जोडीला दुसरी गोळी. इथे एक पेच होता. ब12 तपासलं तर 118 आलं, 200 च्या वर हवं. तळपायाची आग साखरेची की ब12 ची? बहुधा दोन्हींची. आणि मेटफॉर्मिन तर ब12 आणखी कमी करतं. म्हणून आधी ब12 ची इंजेक्शनं, नंतर गोळी कायमची. चार महिन्यांत आग निम्म्यावर आली. अंगठ्याचा बधिरपणा गेला नाही, तो आजही आहे. ते बूट घालून गाडी चालवतात.

वजन कमी करा, असं त्यांना मी एकदाही म्हणालो नाही. 52 किलोच्या माणसाला ते सांगणं चूक झालं असतं. त्यांना स्नायू हवे होते. सकाळी शेतात दोन तास खोऱ्यानं काम, चहा बिनसाखरेचा, ताटात ज्वारीची भाकरी परत, सोबत डाळ आणि मटकी-हुलग्याची उसळ. दूध घरचं होतं, पण सगळं डेअरीला जायचं. "घरात थेंब ऱ्हात न्हाई," असं सूनबाई म्हणाल्या. तिथे मी हट्ट धरला. वर्षअखेर एचबीए1सी 7.1, वजन 54, कंबर 82.

मुलगी

2019 मध्ये धाकट्यांची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. वय 20, उंची 148, वजन 43, हिमोग्लोबिन 8.4. सोळाव्या आठवड्यात 75 ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी साखर 162. आपल्या राष्ट्रीय सूचनांनुसार 140 च्या पुढे गेली की गर्भारपणातला मधुमेह धरतात. लोह आणि फॉलिक अॅसिडच्या गोळ्या ती न चुकता घेत होती. ब12 कुणी तपासलं नव्हतं. मी तपासलं, 138.

म्हणजे आजीची भूक नातीपर्यंत पोचली का? वाचायला ही गोष्ट फार ओढून घेते, म्हणूनच जपून राहावं लागतं. उंदरांत अशा खुणा पुढच्या पिढीत गेलेल्या दिसतात. स्वीडनमधल्या ओव्हरकालिक्स गावाच्या जुन्या नोंदींत, आजोबांना लहानपणी मिळालेल्या अन्नाचा नातवांच्या आयुर्मानाशी संबंध दिसला आहे. पण माणसात बीजपेशी तयार होताना आणि गर्भधारणेनंतर अशा दोन वेळा बहुतेक लिंपण खरवडलं जातं. त्यातून काही वाचून नातवंडांपर्यंत जातं याचा पक्का पुरावा माणसांत मिळालेला नाही. या मुलीसाठी जवळचं कारण पुरेसं होतं. तिची आई ती पोटात असताना कशी होती? तीही अशीच, 42 किलोची, तीही दूध डेअरीला घालणारी. भूक जनुकांवर बसून आली असं म्हणण्याआधी ती ताटातून ताटात आली का, हे बघावं. या घरात ती ताटातूनच आली, असं माझं मत आहे.

आहार, चालणं, ब12 आणि शेवटी थोडं इन्सुलिन यावर नऊ महिने निभावले. जानेवारी 2020 मध्ये मुलगी झाली, 2.35 किलो. दुसऱ्या खेपेला, 2023 मध्ये, दिवस जाण्याच्या सहा महिने आधीपासून ब12 आणि हिमोग्लोबिन भरून काढलं होतं. साखर तरीही वाढलीच. बाळ 2.75 किलोचं झालं. दुसरं बाळ बहुधा पहिल्यापेक्षा वजनदार असतंच, तेव्हा याचं श्रेय मी गोळीला देणार नाही.

माझी चूक

2022 च्या मे महिन्यात धाकट्यांचा मुलगा सुट्टीला आला. मी बळदाची गोष्ट सांगितली तेव्हा तो पुण्यात होता. वडिलांकडून अर्धी ऐकून, मोबाइलवर थोडं वाचून, त्यानं जेवताना सहज म्हटलं, "आजी, तू तेव्हा उपाशी राहिलीस म्हणून बाबांना शुगर झाली."

आजी ताटावरून उठल्या. दोन दिवस जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी थोरल्यांचा फोन आला, "साहेब, माय म्हनती, म्याच माझ्या लेकराला रोग दिला."

दोष त्या पोराचा नव्हता. मी आईच्या पोटात काय घडलं ते सांगितलं होतं, पण ते का घडलं ते सांगायचं राहिलं होतं. उपास आजीनं केला नव्हता, तो तिच्यावर आला होता. पाऊस नव्हता, गाय विकली गेली होती, सुकडीचा घास तिनं पहिल्या लेकराला दिला होता. या विषयावर लिहिणारे-बोलणारे आम्ही सगळे 'मातेचा आहार, मातेचं पोषण' असं म्हणत राहतो आणि ऐकणाऱ्या बाईला त्यात आरोप ऐकू येतो. बापाचं ताट, घरातली वाढण्याची पद्धत, रेशन, मजुरी यांचा उल्लेखही होत नाही.

मी त्याच संध्याकाळी गेलो. आजी बळदाला टेकून बसल्या होत्या. मी त्यांना विचारलं, त्या साली गावात किती बाळंतपणं झाली? त्यांनी बोटांवर मोजली, सात. जगली किती? चार. मग मी सांगितलं, ते शब्द मला आठवतात, कारण ते मी वाटेत जुळवत आलो होतो. "आजी, तुमच्या पोटात अन्न कमी होतं तेव्हा तुमच्या देहानं जे होतं ते आधी बाळाच्या मेंदूला दिलं. बाकीच्या अंगाला काटकसर शिकवली. त्या काटकसरीनं हे बाळ जगलं. ती काटकसर नसती तर आज गोळी खायला ते नसतं." त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग नातवाकडे बघून म्हणाल्या, "आयकलं का?" आणि उठून भाकरी थापायला बसल्या.

त्यानंतर मी कोणत्याही घरात हा विषय काढतो तेव्हा आई समोर असेल तर आधी तिच्याशी बोलतो.

आज

धाकटे आता 52 वर्षांचे आहेत. एचबीए1सी 7 ते 7.5 च्या मध्ये, डोळ्यांच्या पडद्यावर अजून काही नाही, मूत्रपिंड ठीक. थोरल्यांना 54 व्या वर्षी मधुमेहाच्या उंबरठ्यावरची साखर निघाली. ही बातमी त्यांनी स्वतःच हसत दिली, "आता बरोबरी झाली." पण पंधरा वर्षांचा आणि सव्वीस किलोंचा फरक पडलाच आहे, हे त्यांना मी दाखवलं.

मला आता जास्त काळजी आहे ती थोरल्यांच्या नातीची. वय 14, वजन 36, पाळी सुरू होऊन दोन वर्षं झालेली. घरातल्या कुणाला ती पेशंट वाटत नाही आणि ती नाहीच. पण पुण्याच्या त्या सहा गावांत 2012 पासून केलेला प्रयोग नेमका तिच्यासारख्यांवर होता. लहानपणापासून अभ्यासात असलेल्या मुलामुलींना तरुण वयातच, लग्न-बाळंतपणाच्या कितीतरी आधी, दिवसाला 2 मायक्रोग्रॅम इतकं थोडंसं ब12 द्यायचं. लिंपण गर्भारपणाच्या तिसऱ्या महिन्यात सुरू होत नाही. तेव्हा मुलगी दवाखान्यात पोचते, तोवर पहिलं काम होऊन गेलेलं असतं. म्हणून मी या मुलीचं हिमोग्लोबिन आणि ब12 तपासलं. हिमोग्लोबिन 9.6, ब12 171. औषध सुरू आहे, तीन महिन्यांनी परत तपासायचं आहे.

डेअरीची गाडी सकाळी साडेसहाला फाट्यावर येते. आजी त्याच्या आधी कॅनमधून दोन पेले काढून घेतात, एक त्या मुलीला आणि एक तिच्या भावाला. पहिल्या महिन्यात मुलीचा पेला भावाच्या निम्मा होता. मी काही बोललो नव्हतो. या खेपेला गेलो तेव्हा दोन्ही सारखे होते.